पिंपाला कुलूप

९ नोव्हेंबर, रविवार

अंगणातल्या मातीत आज कुदळ मारली तर ठिणगी उडाली. जुळे सोलापुरात घर बांधून बावीस वर्षे झाली, पण खाली अजून मुरूमच. मिरचीची रोपे वीतभर वाढतात आणि तिथेच थांबतात. दुकानातून पोत्यात मिळणाऱ्या खतावर माझा विश्वास नाही. आत काय भरतात ते कोण पाहतो? गांडूळखत घरीच करायचे ठरवले.

गळके निळे पिंप मागे पडून आहे. ते उभे चिरून दोन भाग करायचे. खाली विटांचे तुकडे, त्यावर काथ्या, पालापाचोळा, कुजलेले शेण, मग गांडुळे आणि वरून ओली जुनी सोलापुरी चादर. पद्धत सोपी आहे. माणसे ती नीट पाळत नाहीत म्हणून फसते. एकतीस वर्षे पाण्याच्या प्रयोगशाळेत काढली, तिथेही हेच पाहिले. नमुना कधी खोटे बोलत नाही. नमुना आणून देणारा बोलतो.

आपण काय काय केले याची नोंद असावी म्हणून ही वही.

१६ नोव्हेंबर, रविवार

ह्यांनी पिंप चिरून दिले. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आयुष्य गेले, त्यामुळे दोरी, हातोडा, पत्रा यांत हात बसलेला. मी सळई तापवून देत होते, हे भोके पाडत होते. मी चाळीस सांगितली होती. मोजली तर सळईने पाडलेली एकेचाळीस. जास्तीचे एक ह्यांच्या कमरेच्या पट्ट्याला. "हातासरशी पाडून घेतलं," म्हणाले. चांगल्या चामड्याला जळका डाग पडला. पट्टा सैल होतो तर नवा घ्यावा, हे असले उद्योग कशाला?

दुपारी घास अडकतो म्हणून ह्यांनी अर्धी भाकरी ताटात ठेवली. मी म्हटले, "बत्तीस वेळा चावा. अन्न टाकायचे नाही." हे म्हणाले, "जी साहेब," आणि पाणी प्यायले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शेण आले. अंबुबाईचा भाऊ बिरुदेव मंद्रूपजवळ मेंढरे राखतो, त्याच्याकडून तिने दोन पोती लेंडीखत आणवले. अंबुबाई आमच्याकडे एकोणीस वर्षे काम करते. स्वयंपाक, भांडी, झाडलोट सगळे तीच पाहते. काम चोख आहे, पण मी डोळे झाकून काही घेत नाही. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून पाहिला. आत गरम लागले.

"हे ताजे आहे, अंबुबाई. तुमच्या भावाने जुन्यात ताजे मिसळले."

"न्हाय वो बाई. उन्हात पोतं हुतं, म्हनून ऊन लागतंय. बिरु लबाडी कशाला करंल? लेंड्याच हायत त्या, सोनं न्हाय."

तरी आठ दिवस पाणी मारून ठेवणार. गांडुळे कृषी केंद्रातून आणून वेगळ्या टोपलीत ठेवली आहेत. ह्यांना दाखवली तर तोंड फिरवले. "शालन, मला किळस येते त्यांची. तू आणि तुझी लेकरं." म्हणजे या कामात ह्यांचा उपयोग संपला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

गांडुळे सोडली. वरून चादर घातली. चार विटांवर पिंप, प्रत्येक विटेखाली पाण्याची थाळी, म्हणजे मुंग्या चढणार नाहीत. साले, देठ, चहाचा चोथा एवढेच घालायचे. मीठ, तेल, तिखट, शिजवलेले काही नाही. गांडुळाची कातडी उघडी असते, मिठाने ते भाजून निघते. हे मी अंबुबाईला दोनदा सांगितले आणि तिच्याकडून वदवून घेतले.

शेजारचे मडिवाळप्पा भिंतीवरून डोकावले. "मॅडम, वास येतंय की हो."

"आज सकाळीच भरले आहे. वास यायला वेळ लागतो."

"येणार म्हणून आधीच सांगून ठेवतंय."

हा माणूस आधीच तक्रार करून ठेवतो. लक्ष ठेवले पाहिजे. हिप्परग्याच्या तलावावर हा दर रविवारी जातो. मासे धरायला गळाला गांडूळच लावतात.

३ डिसेंबर, बुधवार

वाचनालयातून दोनला परत आले. सोमवार, बुधवार, शुक्रवार बारा ते दोन विहाराच्या वाचनालयाचे काम माझ्याकडे आहे. आल्यावर चादर उचलली तर सात गांडुळे पिंपाच्या काठावर चढून वाळलेली. खाली भाकरीचे तुकडे. त्यांना शेंगाचटणी लागलेली.

अंबुबाईला विचारले. ती भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही. "मला न्हाय म्हाईत, बाई."

हे पडवीत उन्हाला पेपर वाचत होते. त्यांना विचारले, इकडे कोणी आले होते का? "मी पेपरात होतो," म्हणाले.

मडिवाळप्पांवर पहिला संशय. भिंतीवरून सहज टाकता येते. संध्याकाळी फाटकाशी गाठून स्पष्टच विचारले, तुम्ही माझी गांडुळे नेता का? त्यांनी कानाला हात लावले. "शिव शिव! आम्ही लिंगायत माणसं, मॅडम. मासा तोंडात धरत नाही, गळाला कशाला धरतंय? तलावावर मी पक्षी बघायला जातो की. दुर्बीण दाखवू का?"

दुर्बीण आणून दाखवली. तरी नाव खोडलेले नाही, पेन्सिलने कंस केला आहे.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी पांढरी साडी, अभिवादन. हे यंदा चालत आले नाहीत, थकवा वाटतो म्हणाले. रिक्षाने आले. परत येताना धम्मप्रियाचा पुण्याहून फोन. "आई, पप्पांचा आवाज बसल्यासारखा वाटतो." मी म्हटले, थंडी आहे. लेकीला बापाचे सगळे जास्तच वाटते.

८ डिसेंबर, सोमवार

आज पुन्हा. भाकरी, वांग्याचे तेलकट तुकडे. तेरा गांडुळे मेली. पिंपाचा एक कोपरा आंबून गरम झाला आहे.

तारखा पाहिल्या. सगळे माझ्या वाचनालयाच्या दिवशी होते. मंगळवारी नाही, गुरुवारी नाही. मी घरात नसते तेव्हा घरात फक्त हे आणि अंबुबाई. ह्यांना तर गांडूळ बघवतही नाही.

आणखी एक. ताक फार संपते. गुरुवारी लावलेले दही शनिवारी तळाला गेले होते. ज्वारीच्या कण्यांचा डबाही अर्धा झाला. आमच्याकडे कण्या कोण खाते? मी तर महिनोन् महिने शिजवल्या नाहीत. अंबुबाईला विचारले तर म्हणाली, "पोरकिडं झालं हुतं, बाई. निवडून टाकलं." कीड लागलेल्या कण्या मी पाहिलेल्या नाहीत.

१० डिसेंबर, बुधवार

मागच्या दारापासून पिंपापर्यंत रांगोळी भुरभुरून वाचनालयात गेले. परत आले तेव्हा ठसे स्पष्ट. मागच्या दाराशी असते ती रबरी चप्पल, टाचेला खाच असलेली. ती चप्पल अंबुबाई घालते. जाताना चार, येताना चार. एका ठिकाणी दोन्ही ठसे शेजारी शेजारी आणि खोल, म्हणजे तिथे बराच वेळ उभे राहून पिंपाला धरले असणार.

अजून बोललेले नाही. एका नमुन्यावर निकाल द्यायचा नसतो.

१२ डिसेंबर, शुक्रवार

निकाल लागला.

वाचनालय पाऊण तास आधी बंद केले. पुढचे फाटक न वाजवता मागच्या बोळातून आले. अंबुबाई पिंपाशी वाकलेली, हात मनगटापर्यंत आत, मुठीत भाकरीचा लगदा.

"काय करतेस?" एकोणीस वर्षांत मी तिला अगंतुगं केलेले नाही. आज केले.

ती दचकली. "बाई, मी काढत हुते."

"काढत होतीस की टाकत होतीस?"

तिने घराकडे पाहिले. पडवीत हे ताट पुढे घेऊन बसले होते. ते उठले, आणि पुन्हा बसले. अंबुबाई त्यांच्याकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे.

"टाकत हुते म्हना."

"म्हणा म्हणजे?"

"तुमाला काय लिवायचं ते लिवा वहीत, बाई. माझं नाव घाला."

चोरी पकडल्यावर माणूस उद्धट होतो, हे काही नवे नाही. मी ताकाचे विचारले, कण्यांचे विचारले. तिने सगळ्याला मान डोलावली. मी म्हटले, उद्यापासून येऊ नका. तिने पदराला हात पुसले, जाताना पडवीशी थांबली आणि ह्यांना म्हणाली, "दादा, येते मी. ताक फ्रीजात हाय, वरच्या फळीवर. घुसळून पातळ केलंय." मला एक शब्द नाही.

हे रात्री जेवले नाहीत. दूध घेतले. अंबुबाईचा ह्यांना पुळका होताच.

१५ डिसेंबर, सोमवार

पिंपावर पत्र्याचे झाकण बसवले आणि कुलूप लावले. किल्ली माझ्या गळ्यातल्या दोरीला. ह्यांनी कडी ठोकून दिली. विचारले, "कुलूपच हवं का? ती तर गेली."

"तिच्या जागी दुसरी येईल. माणसे सारखीच."

"हं," म्हणाले. हातोडा दोनदा हातातून निसटला.

वाचनालयाची वेळ बदलून घेतली. आता दुपारी आम्ही समोरासमोर बसून जेवतो. हे फार सावकाश जेवतात. माझे आटोपून मी उठले की मग ह्यांचे संपते. ताट स्वच्छ असते.

२४ डिसेंबर, बुधवार

दहा दिवसांत एकही गांडूळ मेले नाही. आज चादरीखाली पिवळसर, मोहरीएवढी अंडी दिसली. खाली काळे, चहाच्या भुकटीसारखे खत. मूठभर घेऊन नाकाशी धरले, पहिल्या सरीनंतर शेतात येतो तसा वास. ह्याला म्हणतात सिद्ध होणे. कारण काढले की परिणाम थांबतो. शास्त्र याहून अवघड नाही.

मडिवाळप्पांना मूठभर खत दिले आणि वहीतला कंस खोडला. ते म्हणाले, "हरिदासराव बारीक झाले की हो. शर्ट कुणाचं तरी घातल्यागत दिसतंय." मी म्हटले, स्वयंपाक आता माझ्या हातचा आहे, बदल सोसायला वेळ लागतो. अंबुबाई गेल्यापासून हे रुसले आहेत, हे मी त्यांना सांगितले नाही.

२९ डिसेंबर, सोमवार

सकाळी पिंपाखालच्या थाळ्यांत पाणी घालताना मुंग्यांची रांग दिसली. पिंपाकडे नव्हे. ती भिंतीच्या कडेने स्कूटरकडे चालली होती. ह्यांनी दोन महिने स्कूटर काढलेलीच नाही. मी किल्ली आणून डिकी उघडली.

आत वर्तमानपत्राच्या पुड्या. अकरा. प्रत्येक पुडी सुतळीने बांधलेली, उभी आडवी, मध्ये दुहेरी गाठ, टोके अंगठ्याच्या नखाएवढी कापलेली. पार्सलची गाठ. ती गाठ या घरात एकच माणूस बांधतो. लग्नानंतर मला शिकवायचा त्यांनी फार प्रयत्न केला होता. मला जमली नाही.

एक पुडी सोडली. भाकरी. चावलेली, पुन्हा पुन्हा चावलेली, पांढरा लगदा झालेली. बत्तीस वेळा.

पुड्या तशाच ठेवल्या. डिकी लावली. आत येऊन ही वही पहिल्या पानापासून वाचली. पट्ट्याचे भोक. रिक्षा. ताक. कण्या. दोन ठसे शेजारी शेजारी; दाराशी पडलेल्या चपलेत कोणीही पाय घालतो. तारखांसकट सगळे माझ्याच अक्षरात आहे. एवढे व्यवस्थित टिपून ठेवणाऱ्या बाईला डोळे नव्हते.

३० डिसेंबर, मंगळवार

काल विचारायचे धैर्य झाले नाही. आज सकाळी चहाच्या वेळी एक पुडी टेबलावर ठेवली. बांधलेली होती तशीच.

ह्यांनी पुडीकडे पाहिले. मग गाठीवर बोट फिरवले. "सैल नाही ना झाली?"

"किती दिवस?"

"दिवाळीपासून. पातळ जातं. भाकरी इथं येऊन बसते." त्यांनी छातीच्या मध्यावर बोट ठेवले. "अण्णारावाचं असंच सुरू झालं होतं, शालन. भाकरीपासून."

अण्णाराव म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. अन्ननलिकेच्या कर्करोगाने पाच महिन्यांत गेले. शेवटी पाणीही उतरत नव्हते. ह्यांनीच चमच्याने पाजले होते.

"मला का नाही सांगितले?"

"सांगितलं होतं की. घास अडकतो म्हटलं."

मी चहाचा कप बाजूला सरकवला.

"आणि नीट सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? तासाभरात मला बाटलीत भरून लेबल लावलं असतंस. बरोबरच केलं असतंस. मलाच निकाल नको होता. म्हटलं, सणवार होऊ दे, सहा डिसेंबर होऊ दे, धम्मी येऊन जाऊ दे."

"ती गांडुळे? तुम्हाला किळस येते ना?"

"येते ना. डोळे मिटून टाकायचो. ताटात राहिलेलं तू मोजतेस, कचऱ्याची बादली तू बघतेस. वाटलं, ही गांडुळं खातात तर खाऊ देत. चटणीनं मरतील हे ध्यानात नव्हतं. अंबुबाई ओरडायची माझ्यावर. मी गेलो की मागून जाऊन सगळं काढून टाकायची."

काढत हुते, असे ती म्हणाली होती.

"तिला कामावरून काढले तेव्हा तुम्ही गप्प बसलात."

"उठलो होतो," हे म्हणाले. मग पुडी स्वतःकडे ओढून, "ते माझ्या नावावर लिही. तिच्या नको."

लिहिले. पण खाली माझेही नाव लिहिले आहे.

२ जानेवारी, शुक्रवार

डॉक्टरांची वेळ बुधवारची मिळाली. आज अंबुबाईकडे गेले. तिची वस्ती विजापूर रस्त्याच्या आतल्या अंगाला आहे. एकोणीस वर्षांत मी तिच्या दारात गेलेली नव्हते. दोन शेळ्या, तुळस, आणि तुळशीच्या कुंडीत आमच्याच पिंपातल्यासारखी काळी माती. एक क्षण मनात आलेच, ही आमच्याकडून नेलेली का? लिहायला लाज वाटते, पण आले. नंतर दिसले, मागे लेंड्यांचा उकिरडा आहे.

तिने सतरंजी टाकली. पाणी दिले. मी उभीच राहिले.

"अंबुबाई, माझी चूक झाली. तुम्ही काढत होतात."

"व्हय."

"तुम्ही मला तेव्हाच सांगायला हवे होते."

"कसं सांगू? दादांनी मला बाबासाहेबांच्या फोटोम्होरं उभं केलं, म्हनलं बाईला सांगायचं न्हाय. आन् बाई, मी सांगिटलं असतं तर तुमी मानलं असतं व्हय? तुमी तर बिरुच्या लेंड्याबी तपासून घेता."

मी म्हटले, नसते मानले.

"मग." ती शेळीच्या पुढ्यात पाला टाकत राहिली. "लई वंगाळ वाटलं मला. भाकरी चोरली म्हनलं असतं तरी चाललं असतं. तुमी मला अगंतुगं केलं."

मी हात जोडले. आयुष्यात फार थोड्यांपुढे जोडले आहेत. ती पटकन उठली आणि माझे हात खाली केले. "असं नगा करू, शेजारनी बघत्यात. म्हनतील अंबुबाईनं बाईला काय केलं."

"याल का?"

"येते. पर एक हाय. दादा जेवायला बसल्यावर तुमी तितं बसायचं न्हाय. तुमच्या डोळ्याम्होरं त्येंच्या गळ्यातनं पानीबी उतरत न्हाय. माझ्याम्होरं वाटीभर कण्या खायचे. ताकात कालवून, बोलत बोलत."

"काय बोलत?"

"ते कशाला सांगू?" असे म्हणून ती पहिल्यांदा हसली.

७ जानेवारी, बुधवार

तपासणी झाली. तोंडातून नळी घालून आत कॅमेऱ्याने पाहिले. धम्मप्रिया पुण्याहून आली आहे, ती रडली. तिला ताकीद दिली. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि माझे आटोपून आले.

डॉक्टर तरुण आहेत. म्हणाले, अन्ननलिका एका जागी आवळली आहे, ती थोडी रुंद केली. आत जखमेचे जुने व्रण आहेत, वर्षानुवर्षांच्या पित्ताने असे होते. दिसायला तरी साधे वाटते. तरी एक तुकडा तपासायला पाठवला आहे.

"दिसायला तरी" या दोन शब्दांवर माझा विश्वास नाही. मी बाटली पाहायला मागितली. नाव, वय, तारीख, नमुना क्रमांक बरोबर आहे का ते वाचले. परिचारिका म्हणाली, "आजी, आम्ही रोज करतो हे." मी म्हटले, "मीही रोज करत होते. म्हणूनच बघते." हे स्ट्रेचरवरून हळूच म्हणाले, "लावलं एकदाचं लेबल."

अहवाल मंगळवारी.

११ जानेवारी, रविवार

सकाळी पिंपाचे कुलूप काढले. कडी ह्यांनीच उचकटली. कमरेला तोच पट्टा, जळक्या भोकात. नवा आणलेला नाही. ते म्हणतात, परत मागच्या भोकावर येतो की नाही ते बघू.

पहिले खत मिरच्यांना घातले. मुरमावर काळा थर बसला आहे, अजून विटेएवढाही जाड नाही. त्याला वेळ लागेल.

साडेबाराला अंबुबाईने मला बाहेर काढले. "जावा, तुमच्या लेकरांकडं बघा जरा." मी पिंपाशी पाट टाकून बसले. चादर ओली केली, थाळ्या भरल्या. आत अंबुबाई काही तरी सांगत होती, कोण्या मेंढीने कोणाचा फेटा खाल्ल्याचे. हे हसले आणि लगेच खोकले.

मी उठले. मग परत बसले.

चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. अंबुबाईही गप्प झाली होती. पडवीच्या खिडकीशी जाऊन पाहता आले असते, पडदा अर्धाच होता. मी चादरीचे टोक हातात धरून बसले.

मग चमचा पुन्हा वाजला.